कठड्याशी एक जागा

संध्याकाळी सातच्या सुमाराला सहकारनगरच्या किंवा कर्वेनगरच्या आतल्या रस्त्यांवरून मान वर करून चालावं. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली सोसायट्या आणि प्रत्येक घराला एक बाल्कनी. दोरीवर वाळत घातलेले पंचे, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं वॉशिंग मशीन, कठड्यावर कोरफड आणि मोगरा, हवा गेलेली लहान मुलाची सायकल, कबुतरांसाठी ताणून बांधलेली जाळी. सगळं दिसतं, बसलेलं माणूस मात्र क्वचितच. उन्हाळ्यात पुण्याला वारा सुटतो तो याच वेळी. दिवसभर तापलेल्या भिंती निवायला लागतात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येतो, खालच्या देवळात आरती सुरू होते. ही वेळ अंगावर घ्यावी म्हणून जी जागा बांधली, ती रिकामी असते.

मला या रिकाम्या बाल्कन्या बघवत नाहीत. घर घेताना याच चार फुटांकडे बोट दाखवून आपण म्हटलेलं असतं, "इथं सकाळचा चहा घ्यायचा." मग चहा आतच का होतो? माझ्या मते, तिथं बसायला जे ठेवलेलं असतं ते त्या जागेसाठी निवडलेलंच नसतं. दिवाणखान्यातला सोफा जुना झाला म्हणून बाहेर ढकललेला असतो. नाहीतर दुकानातल्या खोट्या हिरवळीवर मांडलेला दोन खुर्च्या आणि काचेचं टेबल असा संच आवडला म्हणून घरी आलेला असतो. तो आला की उरलेल्या जागेत तिरकं होऊन चालावं लागतं. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक पडतं, दिवाळीला ते निघतं, तोवर गाद्यांना कुबट वास लागलेला असतो. मग हळूहळू त्या खुर्च्यांवर रद्दी बसते.

जुन्या पुण्यानं घराबाहेर बसण्याची सोय दोनच तऱ्हांनी केली होती. एक म्हणजे जे कधीच हलणार नाही ते: वाड्याच्या दरवाजाला लागून असलेला दगडी ओटा, पिंपळाभोवतीचा पार, नदीवरच्या घाटाच्या पायऱ्या. ऊन आलं, पाऊस आला, काळ्या दगडाचं काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे जे एका हातानं उचलता येईल ते: सतरंजी, घोंगडी, चटई, पाट, फार तर बाज. ऊन सरकलं की बाज सावलीत सरकायची, ढग भरून आले की सतरंजीची घडी काखेत मारून आत. कोजागरीला गच्चीवर वीस माणसं बसत आणि सकाळी गच्ची पुन्हा मोकळी असे. या दोहोंच्या मधलं, म्हणजे उचलायला जड आणि भिजायला नाजूक, असं काही कुणी उघड्यावर ठेवत नसे. शिसवी झोपाळा होता, पण तो ओसरीवर, छपराखाली.

सज्जा काही पुण्याला नवा नाही. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७च्या सुमाराला बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी सज्जा, त्याचे सुरूच्या घाटाचे कोरीव लाकडी खांब, आजही रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर वर खेचतात. पुढे १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं पाण्यात गेली आणि शहर झपाट्यानं चहूकडे पसरलं. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट आली. दगडी ओटा तिसऱ्या मजल्यावर नेता आला नाही आणि सतरंजी माळ्यावर गेली. हलणारं आणि न हलणारं अशी जी चोख वाटणी होती ती मोडली, आणि बाल्कनीत नेमकं ते मधलं सामान येऊन बसलं.

लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये अजून ती शहाणीव वर्षातून एकदा दिसते. अनंत चतुर्दशीच्या दिवशी आतल्या खोल्यांतून खुर्च्या बाहेर येतात. पुढच्या रांगेत आजी-आजोबा खुर्चीवर, त्यांच्या पायाशी मुलं फरशीवर मांडी घालून, नाक गजांना लावून, आणि मागं बाकीचे उभे. तीन फूट रुंदीच्या गॅलरीत पंधरा माणसं ढोल-ताशांचं पथक जाईपर्यंत समाधानानं मावतात. दुसऱ्या दिवशी खुर्च्या आत आणि गॅलरी वाळणाला मोकळी. छोट्या जागेचं सगळं शास्त्र त्या एका दिवसात आहे: फरशी ही खरी बैठक, आणि खुर्ची ही पाहुणी.

म्हणून खरेदीला जाण्याआधी फरशीवर खडू घेऊन बसावं असं मी सगळ्यांना सांगते. धायरीला ताईनं फ्लॅट घेतला तेव्हा तिची बाल्कनी ४ फूट बाय ८ फूट होती. दुकानात पसंत पडलेल्या खुर्चीचं माप तिनं चिठ्ठीवर लिहून आणलं होतं: अडीच फूट रुंद, अडीच फूट खोल. आम्ही खडूनं तसे दोन चौकोन काढले, मध्ये टेबलाचा गोल काढला. मग ताई एका चौकोनात बसली आणि तिनं पाय लांब केले. टाचा कठड्याच्या भिंतीला लागल्या, गुडघे वरच राहिले. "अगं, मग दोरीवरचे कपडे काढायला मी जायचं कुठून?" तिनं विचारलं. ओल्या फडक्यानं आम्ही ते चौकोन पुसले आणि नवे काढले. दीड फूट रुंदीची घडीची खुर्ची, तिच्याशेजारी एक छोटी तिपाई, आणि दोन्ही समोरासमोर मांडण्याऐवजी लांबीच्या बाजूनं, जरा तिरक्या. लगेच पायांना जागा मिळाली, तुळशीपर्यंत वाट मिळाली. खुर्चीचं माप म्हणजे तिच्या पायांपुढे माणसाच्या पायांचा आणखी दीड फूट, हे दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

तिपाईचं आणखी एक. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि तो कुठे जास्त, कुठे कमी असतो. त्यामुळे चार पायांचं टेबल तिथं डुगडुगतं, त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सारावी लागते, आणि ती घडी पहिल्या पावसात लगदा होऊन जाते. तीन पायांची तिपाई कशीही ठेवा, डुगडुगत नाही. कपातला चहा थोडा तिरका दिसेल, पण सांडणार नाही.

उंचीचाही विचार हवा. कठडा साधारण साडेतीन फुटांचा असतो. नेहमीच्या १८ इंच उंचीच्या खुर्चीवर ताठ बसलं तर मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे कठड्याच्या थोडे वर येतात. समोरचं गुलमोहराचं झाड दिसतं, शाळा सुटलेली मुलं दिसतात, लांबवर वेताळ टेकडी किंवा पर्वतीचा कळस असला तर तोही दिसतो. तेच फूटभर उंचीच्या ऐसपैस आरामखुर्चीत रेललं, की डोळ्यांसमोर फक्त कठड्याचं प्लॅस्टर. कठडा गजांचा किंवा काचेचा असेल तर खालची बैठक चालते, अगदी चटईसुद्धा. भिंतीचा असेल तर खुर्ची उंचच घ्यावी. जे बघायला बसायचं ते दिसायला हवं.

आणि बाल्कनीचं तोंड कुठे आहे? दुकानदार हे विचारत नाही, पण सगळा निर्णय त्यावर आहे. पूर्वेच्या बाल्कनीला सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दहानंतर सुटका होते. तिथं वेत, लाकूड, कापड, काहीही सुखानं नांदतं. पश्चिमेची बाल्कनी एप्रिलमध्ये दुपारी तीनपासून तापते. तिथं लोखंडी पत्र्याच्या खुर्चीला हात लावता येत नाही. नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली खुर्ची बरी, हवा खेळते आणि अंगाला चटका बसत नाही, आणि तिच्यासमोर बुरूड आळीतून आणलेला बांबूचा चिक सोडला की संध्याकाळ आपली होते. दक्षिणेच्या बाल्कनीचे दिवस थंडीत येतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, ऊन वरच्या स्लॅबखालून थेट आत शिरतं आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचतं. उत्तरेची बाल्कनी सावलीची, पण तिलाही उन्हाचा वाटा मिळतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य पुण्याच्या ऐन माथ्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेकडून जातो. प्रत्येक दिशेला स्वतःचा एक ऋतू असतो. आपल्या बाल्कनीचा ऋतू कोणता हे कळलं की तिथं काय ठेवावं हे आपोआप कळतं.

पावसाचं पुण्याला वेगळं गणित आहे. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, शिवाजीनगरला, सिमल्याहून १९२८मध्ये आलेल्या आणि म्हणून अजून सिमला ऑफिस म्हणवणाऱ्या हवामान खात्याच्या परिसरात, तो ७००च्या आसपास भरतो. पण हे ७०० मिलिमीटर बहुतेक रिपरिपीनं पडतात. धो धो पावसानं लाकूड खराब होण्याची भीती आपल्याला कमी, चार महिने न वाळण्याची भीती जास्त. ओल खुर्चीच्या पायांतून वर चढते. लाकडाचा कापलेला शेवट पाणी पितो, म्हणून पायांना खालून रबरी टोप्या घालाव्यात आणि पावसाळ्याआधी त्या टोकांना जवसाच्या तेलाचा हात द्यावा. सागवानाला स्वतःचं तेल असतं, ते बाहेर टिकतं. मऊ, स्वस्त लाकूड दोन पावसांत फुगतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांच्या तुळयांचा सागवान मिळाला तर त्याची साधी घडीची खुर्ची सुतारानं करून द्यावी, आणि तिला स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे लावावेत. लोखंडी स्क्रूचा गंज आधी लाकडावर काळा डाग होऊन उमटतो, मग भोक मोठं होतं आणि सांधा खिळखिळा होतो. खुर्ची लाकडानं मरत नाही, स्क्रूनं मरते.

वेताच्या खुर्चीवर माझा जीव आहे. लहानपणी वडिलांच्या कचेरीत खुर्च्यांच्या बैठका विणायला एक अंध कारागीर येत. तेव्हा अंधशाळांमधून हे काम शिकवत आणि सरकारी कचेऱ्यांत त्यासाठी माणसं नेमत. बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या ते एकेक उचलत, अंगठ्यानं लाकडाच्या चौकटीतलं भोक शोधत, पट्टी ओढून घेत आणि छोटी खुंटी ठोकून ती घट्ट धरून ठेवत. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग दोन्हीकडून तिरक्या. बघता बघता आठ कोनांच्या छिद्रांची जाळी तयार होई. बोटांनी ते सगळी जाळी चाचपत आणि कुठे एक पट्टी सैल राहिली असेल तर तिथंच बोट थांबे. त्या खुर्च्या पंधरा-पंधरा वर्षं चालत, मध्ये दोनदा-तीनदा फक्त बैठक बदलून. ज्या वस्तूची बैठक नव्यानं विणता येते ती वस्तू टाकावी लागत नाही. बाल्कनीत वेत ठेवायचा तर सावलीत ठेवावा, पावसाची थेट झड लागू देऊ नये, आणि कोरड्या एप्रिलमध्ये बैठकीवर खालून ओलं फडकं फिरवावं, म्हणजे पट्ट्या तडकत नाहीत.

प्लास्टिकच्या खुर्चीलाही कमी लेखू नये. १९७२मध्ये फ्रान्समधल्या आंरी मासोने यांनी एकाच साच्यातून दोन मिनिटांच्या आत निघणारी खुर्ची आणली, आणि त्या कल्पनेनं जगभरच्या गच्च्या, अंगणं, चहाच्या टपऱ्या यांना बसायला दिलं. एकीवर एक रचता येते, धुता येते, आजीलाही उचलता येते. फक्त उन्हाचा हिशेब ठेवावा लागतो. चार-पाच उन्हाळे झाले की तिचा रंग विटतो, हाताला पांढरी भुकटी लागते. तशी भुकटी दिसली की तिच्यावर जड माणसाला बसवू नये. त्या वेळी तिचे पाय आतून ठिसूळ झालेले असतात.

हलकं हवं, पण वाऱ्याचं भान ठेवून. मेमधला वळीव आला की पहिल्या पाच मिनिटांतला वारा बाराव्या मजल्यावरची प्लास्टिकची खुर्ची कठड्यापलीकडे नेऊ शकतो, आणि खाली माणसं चालत असतात. उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी घडीची खुर्ची वापरून झाली की घडी करून भिंतीच्या कडीला अडकवावी. घरात लहान मूल असेल तर कठड्याला लागून स्टूल, पेटी, बाक, चढता येईल असं काहीही नको. इथं तडजोड नाही.

दगडाचा ओटा तिसऱ्या मजल्यावर नेता येत नाही असं वर म्हटलं, पण त्याची आठवण नेता येते. घराच्या भिंतीला लागून, कठड्यापासून दूर, दोन छोट्या आधारांवर कडप्प्याची ४ फूट लांब आणि सव्वा फूट रुंद फरशी बसवली की एक बाक होतो. इंचभर जाडीची अशी फरशी तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. आपल्याकडच्या बांधकामाच्या प्रमाणकांत निवासी बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोंचा भार धरलेला असतो, त्यामुळे भिंतीलगतचा बाक नीट बांधलेल्या इमारतीला जड नाही. मातीनं भरलेल्या मोठ्या कुंड्यांची कठड्याच्या कडेला लावलेली रांग मात्र त्याहून कितीतरी जड होते, आणि तीही नेमकी बाहेरच्या काठावर. इमारत जुनी असेल तर बाक असो वा झोपाळ्याची कडी, आधी अभियंत्याला दाखवावं. झोपाळ्याला तर जागाही लागते. पाटाच्या पुढे-मागे दोन-दोन फूट मोकळे नसतील तर तो झोपाळा राहत नाही, टांगलेला बाक होतो. कडप्प्यावर सकाळी गोधडीची घडी टाकावी आणि ऊन चढलं की आत न्यावी. बाजारातल्या गाद्यांपेक्षा आईच्या जुन्या नऊवारीची गोधडी लवकर वाळते, लवकर धुतली जाते आणि पाठीला ओळखीची वाटते.

इतकं सगळं एका खुर्चीसाठी कशाला, असं कुणी विचारेल. कारण शहरातल्या घरात आकाशाखाली बसायची ही एकच जागा उरली आहे. ओटा गेला, अंगण गेलं, पाराभोवती गाड्या लागल्या. उरलेल्या चार फुटांत एखादी बाई दुपारचं काम आटोपून पंधरा मिनिटं एकटी बसू शकते. सेवानिवृत्त माणूस पेपर वाचता वाचता समोरच्या बाल्कनीतल्या माणसाशी दोन शब्द बोलू शकतो. अभ्यासाला कंटाळलेली मुलगी उघड्या हवेत श्वास घेऊ शकते. तिथं बसलेली माणसं एकमेकांना दिसतात, आणि दिसणारी माणसं ओळखीची होतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जुळत नाहीत अशी किती नाती मी समोरासमोरच्या कठड्यांवरून जुळताना पाहिली आहेत.

तेव्हा खरेदीची घाई करू नका. आधी बाल्कनीतलं सगळं बाहेर काढा, फरशी धुवा आणि आठवडाभर रोज थोडा वेळ चटई टाकून तिथं बसा. ऊन कुठून येतं, पाऊस कुठवर उडतो, वारा कधी सुटतो, काय दिसतं, पाय कुठे लागतात, ते बघा. नंतर, रविवारी किंवा बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, सुताराकडे नाहीतर दुकानात जा, आणि पसंत पडलेली खुर्ची तिथल्या तिथं एका हातानं उचलून बघा. उचलली गेली तर घ्या. नाही उचलली गेली तर ती कितीही देखणी असो, तुमच्या बाल्कनीसाठी ती नाही.